वाइनचे वय आणि चव : ‘जुनी तेवढी चांगली’ हे किती खरे?

भेट म्हणून आलेली वाइनची बाटली आपल्याकडे सहसा लगेच उघडली जात नाही. ‘राहू द्या, वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ असे म्हणत ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी केली जाते. तिच्या अंगावरून दोन-चार उन्हाळे जातात. मग एखाद्या खास प्रसंगी तिचे बूच काढले जाते आणि ग्लासात उतरतो तो तपकिरी झाक आलेला, वास हरवलेला, आंबूस द्रव. अशा वेळी दोष वाइनला किंवा ती बनवणाऱ्याला दिला जातो. वास्तविक ती बाटली घरी आली त्याच महिन्यात उघडली असती, तर तीच वाइन आनंद देऊन गेली असती.

जगात दरवर्षी तयार होणाऱ्या वाइनपैकी बहुतांश वाइन बाजारात आल्यापासून काही महिने ते दोन-तीन वर्षांत संपवावी, याच हेतूने बनवलेली असते. दशकानुदशके टिकून अधिक चांगल्या होणाऱ्या वाइनचे प्रमाण फार थोडे आहे. आपल्या स्वयंपाकघरात हा भेद सर्वांना ठाऊक असतो. कैरीचे लोणचे मुरते, कोशिंबीर मुरत नाही. ती ताटात वाढली की खायची असते. म्हणून कोणी कोशिंबिरीला कमी लेखत नाही. वाइनचेही तसेच आहे. प्रत्येक प्रकाराचे एक योग्य वय असते. ते ओळखता येणे हाच वाइनच्या रसग्रहणाचा गाभा आहे.

लेबलवरचे साल काय सांगते?

बाटलीच्या लेबलवर छापलेले साल म्हणजे ‘व्हिंटेज’. द्राक्षे ज्या वर्षी तोडली, ते हे वर्ष. बाटली भरल्याचे किंवा ती बाजारात आल्याचे वर्ष वेगळे असू शकते. युरोपात द्राक्षांची तोड साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, तर नाशिक परिसरात जानेवारी ते मार्च या काळात. त्यामुळे लेबलवर साल एकच असले, तरी नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

‘चांगले वर्ष’ हा शब्दप्रयोगही हवामानाशी निगडित आहे. बोर्दोसारख्या प्रदेशात एखाद्या वर्षी तोडणीच्या ऐन वेळी पाऊस आला तर रस पातळ होतो. दुसऱ्या वर्षी कोरडे ऊन लाभले तर द्राक्षे नीट पिकतात. म्हणूनच एकाच बागेच्या दोन वर्षांच्या वाइनमध्ये चवीचे आणि किमतीचे मोठे अंतर पडते. लेबलवर साल नसेल, तर बहुधा ती वाइन अनेक वर्षांच्या मिश्रणातून बनलेली असते. हे मिश्रण कमी प्रतीचे असतेच असे नाही. साधारण शँपेन अशाच मिश्रणातून तयार होते.

बाटलीत काय घडते?

लाल वाइन द्राक्षांच्या सालींसह आंबवली जाते. सालींतून तिला रंग मिळतो आणि टॅनिन मिळते. टॅनिन म्हणजे कोरा चहा, कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर जिभेला आणि हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. बाटलीत काळ जातो तसे टॅनिन आणि रंगद्रव्यांचे कण एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि काही अंशी गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो आणि रंग फिका पडतो. पांढऱ्या वाइनचे नेमके उलटे होते. तिचा हिरवट-पिवळा रंग काळानुसार सोनेरी आणि पुढे मधासारखा गडद होतो. थोडक्यात, लाल वाइन वयाबरोबर रंग गमावते आणि पांढरी वाइन रंग कमावते.

वासातही बदल होतो. ताज्या वाइनमध्ये फळांचा आणि फुलांचा गंध प्रबळ असतो. पुढे तो मागे सरतो आणि सुका मेवा, तंबाखू, चामडे, ओली माती, मध असे गंध पुढे येतात. मात्र फळाचा गंध ओसरल्यावर त्याची जागा घेणारे काही तरी वाइनमध्ये मुळातच असावे लागते. वाइन टिकवून धरणारे घटक चार : आम्लता, टॅनिन, साखर आणि अल्कोहोल. यांपैकी एखादा तरी भरपूर आणि त्याच्या जोडीला भरघोस फलरस असेल, तरच वाइन मुरते. अन्यथा ती केवळ जुनी होते.

डोळा, नाक, जीभ

वाइन चाखण्याची पद्धत जगभर जवळपास सारखीच आहे. तिच्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. तोंडाशी निमुळता होत जाणारा, दांडीचा, नक्षी नसलेला काचेचा ग्लास पुरेसा असतो. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये चाखणीसाठी अशाच ग्लासचे मानक निश्चित केले. त्यात साधारण २१५ मिलिलिटर मावते, पण चाखण्यासाठी ओतायची असते ५० मिलिलिटर. उरलेली जागा गंधासाठी असते.

प्रथम ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. कड जांभळट असेल तर लाल वाइन कोवळी. विटकरी किंवा नारिंगी असेल तर वयस्क. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या रेषा पाहून दर्जा ठरवण्याची पद्धत मात्र निराधार आहे. त्या रेषा प्रामुख्याने अल्कोहोलच्या प्रमाणामुळे उमटतात.

नंतर ग्लास न हलवता एकदा आणि दांडी धरून गोल फिरवल्यावर पुन्हा एकदा वास घ्यावा. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, यावरून चवीत नाकाचा वाटा किती मोठा असतो हे लक्षात येते. गंधाला नाव देताना परदेशी पुस्तकांतील बेरी-फळांची यादी पाठ करण्याचे कारण नाही. सोव्हिन्यो ब्लाँमध्ये कापलेले गवत, ढोबळी मिरची किंवा पेरू. शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. जुन्या टॉनी पोर्टमध्ये खजूर आणि अक्रोड असे आपल्या ओळखीचे गंध आपल्याला सहज सापडतात.

शेवटी छोटा घोट घेऊन तो सगळ्या तोंडात फिरवावा. गोडवा, आम्लता, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब यांचा तोल कसा आहे ते पाहावे. गोड चव जिभेच्या टोकाला आणि कडू मागच्या बाजूला कळते, हा शालेय पुस्तकांतला नकाशा आता शास्त्राने बाद ठरवला आहे. सर्व मूलभूत चवी जिभेवर सर्वत्र जाणवतात. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती काळ रेंगाळते, ही दर्जाची एक विश्वसनीय खूण. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात, कारण त्यांना एका बैठकीत अनेक वाइन चाखायच्या असतात.

या सगळ्यात डोळा आपल्याला फसवतो, याचे भान ठेवावे. बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. रंगाने एवढी दिशाभूल होत असेल, तर लेबलवरचे जुने साल आणि किंमत पाहून किती होत असेल, याची कल्पना करता येईल. म्हणून बाटली कागदात गुंडाळून, नाव न पाहता चाखणे हा रसग्रहणाचा उत्तम सराव आहे.

ज्यांची गोडी ताजेपणात

कोवळेपणीच प्यावयाच्या वाइनचे टोकाचे उदाहरण म्हणजे फ्रान्सची ‘बोजोले नूव्हो’. सप्टेंबरच्या सुमारास तोडलेल्या गामे द्राक्षांची ही वाइन त्याच वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते. तिच्यात टॅनिन कमी आणि फळाचा स्वाद भरपूर असतो. काही महिन्यांत हा स्वाद मंदावतो; म्हणून तिची वाट पाहायची ती फक्त नोव्हेंबरची.

बहुतेक सोव्हिन्यो ब्लाँ, गुलाबी रंगाच्या रोझे, हलक्या लाल वाइन आणि साधारण किमतीच्या जवळजवळ सर्व वाइन याच गटात येतात. त्यांचे सौंदर्य टवटवीत आम्लतेत आणि ताज्या फळाच्या गंधात असते. त्या ठेवून दिल्या तर नेमके हेच नाहीसे होते.

ज्यांना काळ हवा

दुसऱ्या बाजूला आहेत खऱ्या अर्थाने मुरणाऱ्या वाइन. बोर्दोच्या नामांकित बागांची कॅबर्ने सोव्हिन्यो द्राक्षावर आधारित वाइन कोवळेपणी इतकी तुरट असते की तोंड आवळून येते. चांगल्या वर्षाच्या अशा वाइनला दहा-वीस वर्षांनी खरा तोल सापडतो. इटलीतील बारोलोचेही तसेच. स्पेनमधील रिओहा येथे तर हे थांबणे उत्पादकच करून देतात. तेथील नियमांनुसार ‘क्रिआन्सा’ लाल वाइन किमान २ वर्षे, ‘रेझेर्व्हा’ ३ वर्षे आणि ‘ग्रान रेझेर्व्हा’ ५ वर्षे मुरवूनच बाहेर पडते. पैकी ग्रान रेझेर्व्हाला किमान २ वर्षे ओक लाकडाच्या पिंपात काढावी लागतात. एकाच उत्पादकाच्या या तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखणे हा वयाचा परिणाम समजून घेण्याचा सोपा धडा आहे.

मुरणे ही केवळ लाल वाइनची मक्तेदारी नाही. जर्मनीतील मोझेल खोऱ्याची रिस्लिंग तिच्या तीव्र आम्लतेच्या बळावर दशके टिकते. जुन्या रिस्लिंगला मधाबरोबर रॉकेलसारखा एक वास येतो. नवख्याला तो दोष वाटतो. जाणकार त्याला वयाची खूण मानतात. बोर्दोजवळच्या सोतर्न येथे एका विशिष्ट बुरशीमुळे सुकलेल्या, साखर घट्ट झालेल्या द्राक्षांपासून गोड वाइन बनते. साखर आणि आम्लता दोन्ही भरपूर असल्याने उत्तम सोतर्न अर्धशतकही सहज ओलांडते.

कोणती वाइन मुरेल याचा अंदाज बांधताना तज्ज्ञही चुकतात. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी एक स्पर्धा घेतली. फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकलेल्या फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखल्या. लाल वाइनमध्ये ‘स्टॅग्ज लीप’ १९७३ आणि पांढऱ्यांत ‘शातो मॉन्टेलेना’ १९७३ या कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. फ्रेंच बाजूने आक्षेप आला की अमेरिकी वाइन कोवळेपणी बाजी मारतील, पण टिकणार नाहीत. बरोबर ३० वर्षांनी, २४ मे २००६ रोजी लंडन आणि नापा येथे त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले. पहिली आली ‘रिज माँटे बेलो’ १९७१. ही वाइन १९७६ मध्ये पाचवी होती. वय तिला मानवले होते.

वय वेगळ्याच वाटेने

काही वाइनचे वयाशी नाते आणखी निराळे आहे. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील पोर्टमध्ये किण्वन अर्ध्यावर असताना द्राक्षाचे मद्य मिसळतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाते. ‘व्हिंटेज पोर्ट’ साधारण दोन वर्षांत बाटलीत भरली जाते आणि पुढची दोन-तीन दशके बाटलीतच मुरते. ‘टॉनी’ मात्र पिंपात मुरते. तिच्या लेबलवर १०, २०, ३० किंवा ४० वर्षे असा उल्लेख असतो. ती बाटलीत आल्यावर सुधारत नाही, तेव्हा ती विकत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. गोव्यात ‘पोर्ट’ या नावाने मिळणारी स्वस्त गोड वाइन मूळ पोर्टच्या धर्तीवरची असली, तरी मुरवण्याजोगी नसते.

मदेरा बेटाची वाइन तर उष्णतेवरच पोसली गेली. जहाजांतून विषुववृत्त ओलांडून भारतापर्यंत जाऊन परतलेली पिंपे अधिक चविष्ट झाल्याचे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले. पुढे हाच उष्णतेचा संस्कार बेटावरच मुद्दाम दिला जाऊ लागला. शंभर वर्षांची मदेराही पिण्याजोगी असू शकते. शँपेनमध्ये वयाचे काम यीस्टच्या गाळासोबत होते. साल नसलेली शँपेन बाटलीत किमान १५ महिने आणि सालाची किमान ३ वर्षे ठेवावी लागते. तिला येणारा भाजलेल्या पावाचा गंध हे त्याच सहवासाचे फळ होय.

नाशिकची वाइन कधी प्यावी?

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात १९८०च्या दशकात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांच्या शँपेन पद्धतीच्या फसफसत्या वाइनने झाली. २००० मध्ये नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक लाभला आहे.

येथील वाइनचे स्वरूप हवामानाने ठरवले आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्याकडे तो पूर्ण झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी दुहेरी छाटणी करून फळ हिवाळ्यात घेतले जाते. कोरडी हवा, उबदार दिवस आणि थंड रात्री यांचा लाभ तेव्हा मिळतो. तोडणीच्या सुमारास मात्र ऊन तापू लागलेले असते आणि उन्हात पिकताना द्राक्षातील आम्लता झपाट्याने घटते. म्हणून कित्येक बागांत तोडणी रात्री किंवा पहाटे उरकली जाते.

परिणामी नाशिकच्या सोव्हिन्यो ब्लाँ, शनँ ब्लाँ आणि रोझे तोडणीपासून एक-दोन वर्षांत प्याव्यात. साध्या लाल वाइनला दोन-तीन वर्षे पुरेत. ओकच्या पिंपात मुरवलेल्या निवडक शिराझ आणि कॅबर्ने नीट ठेवल्या, तर पाच-सात वर्षेही चांगल्या राहतात. अलीकडे वेलींचे वय आणि उत्पादकांचा अनुभव वाढत असल्याने हे प्रमाणही वाढते आहे. कोवळेपणी पिणे ही आपल्या वाइनची उणीव नव्हे. उलट दुकानात चार वर्षे उभ्या राहिलेल्या शनँवरून साऱ्या नाशिकची परीक्षा करणे बागायतदारांवर अन्याय करणारे आहे. खरेदी करताना लेबलवरचे साल पाहून ताजी बाटली मागून घेणे, हा त्यावरचा साधा उपाय.

मुरलेली की बिघडलेली?

जुनेपणा आणि बिघाड यांतला फरक नाकाला कळतो. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी रंग म्हणजे हवा लागून वाइन उतरली. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झोत म्हणजे जिवाणूंचा प्रताप. ओला पुठ्ठा किंवा दमट गोणपाट आठवले तर दोष बुचाचा. त्याला कारणीभूत असलेले ‘टीसीए’ हे रसायन १९८१ मध्ये ओळखले गेले. हा दोष टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी फिरकीचे झाकण स्वीकारले आहे. तेव्हा असे झाकण स्वस्त वाइनचे लक्षण मानू नये. शिजवलेल्या मुरंब्यासारखा जड वास आणि वर सरकलेले बूच ही उन्हाने भाजलेल्या बाटलीची खूण. आपल्याकडे सर्वाधिक बाटल्या याच कारणाने वाया जातात.

उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात. त्यामुळे १२ ते १४ अंशांच्या तळघरात दहा वर्षांत जे हळूहळू घडते, ते मुंबई-पुण्याच्या घरात थोड्या काळात आणि बेढबपणे घडते. तापमान राखणारे कपाट नसेल, तर जपून ठेवण्यासाठी वाइन विकत न घेणे हेच शहाणपणाचे. वाइनचे वय मोजताना सालाबरोबर तिने काढलेले उन्हाळेही मोजायला हवेत.

लक्षात ठेवण्याजोगे

- चाखण्याचा क्रम : हलकी आधी, जड नंतर, अगोड आधी, गोड शेवटी, साधारणतः पांढरी आधी, लाल नंतर, कोवळी आधी, जुनी नंतर.
- तापमान : फसफसती वाइन ६ ते ८ अंश, पांढरी व रोझे ८ ते १२, लाल १५ ते १८. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातील थंड घरांचा आहे; आपल्याकडे ती वीस-तीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी.
- साठवण : बुचाची बाटली आडवी, अंधारात, गॅसपासून दूर. जागा नसेल तर काही महिन्यांसाठी साधा फ्रिजही चालतो.
- उघडल्यानंतर : बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस. टॉनी पोर्ट काही आठवडे, मदेरा काही महिने.
- गाळ : जुनी लाल वाइन आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि लगेच प्यावी. कोवळ्या, तुरट वाइनला मात्र ओतून तासभर हवा द्यावी.
- वयाचा सराव : एकाच वाइनची दोन-तीन वेगवेगळ्या सालांची बाटली मिळवून चार मित्रांत मिळून चाखावी.
- मर्यादा : महाराष्ट्रात वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइनही त्याला अपवाद नाही.